राखणदाराचे हात आधी सोडा!

आयजीच्या जिवावर बायजी उदार कशी होते, याचा सरकारी नमुना ज्याला पाहायचा असेल त्याने १९७९ सालची माळढोक अभयारण्याची अधिसूचना काढून वाचावी. माळढोक वाचवायचा म्हणून सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख सरकारने एका फटक्यात अभयारण्य ठरवला. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले, साखर कारखानेही आले. माळढोकाला हवा असतो दूरवर नजर पोहोचेल असा उघडा गवताळ माळ. सरकारने त्याच्या नावावर तालुकेच्या तालुके चढवले. आणि वनखात्याच्या खऱ्याखुऱ्या ताब्यात काय होते? नान्नज आणि आसपासचे गवताचे विखुरलेले तुकडे. उरलेली जमीन शेतकऱ्याची, नाहीतर महसूल खात्याची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पुढची तीस-बत्तीस वर्षे काय झाले? शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करताना अभयारण्याची आडकाठी आली. रस्ता अडला, उद्योग अडला, आणि या सगळ्याचा राग निघाला तो त्याने आयुष्यात कधी न पाहिलेल्या एका पक्ष्यावर. लोकांचे हक्क ठरवून देण्याचे काम कायद्याने जिल्हाधिकाऱ्याचे होते. ते रखडत राहिले. अखेर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर माळढोकच संपत आला होता. ज्याला पाहण्यासाठी देशभरातले पक्षीप्रेमी नान्नजला येत, तो आज तिथे एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. देशभरातल्या रानांत मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

या अपयशाचा धनी कोण? सरकारी शिरस्ता ठरलेला आहे. पक्षी गेला, वनाधिकारी जबाबदार. वाघ मेला, वनाधिकारी जबाबदार. वाघाने माणूस मारला, तर वनाधिकारी दुप्पट जबाबदार. आम्ही सरकारला विचारतो, की जबाबदारीचे हे ओझे ज्याच्या डोक्यावर दिले, त्याच्या हातात तुम्ही नेमके काय दिले? मुदत दिली? पैसा दिला? माणसे दिली? निर्णयाचा अधिकार दिला? यांतले एकही धड दिलेले नाही, हे आमचे आरोपपत्र आहे. महाराष्ट्राची अभयारण्ये बुडत आहेत ती कायद्याअभावी नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुरेसा कडक आहे. तो राबवणारी खुर्चीच सरकारने आतून पोखरून ठेवली आहे.

ही खुर्ची नेमकी काय आहे ते पाहू. वन्यजीव कायद्याच्या ३३ व्या कलमाने अभयारण्याचे नियंत्रण, व्यवस्थापन आणि देखभाल मुख्य वन्यजीव रक्षकाकडे दिली आहे. हे साहेब बसतात नागपुरात. वाघ माणसाच्या जिवावर उठला आहे, त्याला पकडा किंवा अगदीच उपाय नसेल तर मारा, हा लेखी आदेशही ११ व्या कलमाने त्यांचाच. या अधिकारावर वचक हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. गावोगावच्या साहेबांना बंदुकीचा परवाना मिळावा अशी आमची मागणी नाही. पण मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या तोंडी गेल्या, तेव्हा संतापलेल्या गावासमोर उभे राहायचे कोणी? अशा वेळी पंचनाम्याला जातो तो वनपाल. ज्याच्या गाडीला गराडा पडतो तो वनपरिक्षेत्र अधिकारी. लोकांनी विचारले, की साहेब, वाघाचा बंदोबस्त कधी करता, तर त्याचे उत्तर एकच: वर प्रस्ताव पाठवला आहे.

बाई मेल्यावर तिच्या घरच्यांना २५ लाख रुपये द्यायला सरकारकडे तरतूद आहे. ती जिवंत असताना तिला पहाटे जंगलात जावे लागू नये, म्हणून काही करायचे तर तो पैसा आणि तो अधिकार दहा खात्यांत वाटलेला आहे. गॅस पुरवठा खात्याकडे. गावातला दिवा ग्रामपंचायतीकडे. शौचालय जिल्हा परिषदेकडे. रोजगार हमीची कामे तहसीलदाराकडे. वाघ मात्र वनखात्याचा! उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ साली शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून मेला. त्या तारेत वीज येते ती वीज कंपनीच्या वाहिनीवरून, आकडा टाकून. अभयारण्याचा अधिकारी वीज कंपनीला पत्र लिहू शकतो. दुसरे पत्र लिहू शकतो. तिसऱ्या पत्रात पहिल्या दोन पत्रांचा संदर्भ देऊ शकतो. चौकीदाराला दाराची किल्ली द्यायची नाही आणि चोरी झाली की त्याच्या मुंड्या मुरगळायच्या, असा हा कारभार आहे.

आता त्याच खुर्चीची दुसरी बाजू पाहा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावरून चालली होती. पर्यटकांच्या जिप्स्यांनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. माणसे मोबाइल उंचावून उभी राहिली आणि पाच पिल्लांची आई वाट शोधत घुटमळत राहिली. चित्रफीत देशभर फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. ठीक झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलालगत राहणाऱ्या पोराला ‘वाघ दाखव, नाहीतर पैसे परत दे’ या भाषेची सवय कोणी लावली? जंगलाचे यश तिकिटाच्या गल्ल्यावर आणि दिसलेल्या वाघांवर मोजायला कोण शिकले? जो अधिकारी गाड्या कमी करायचा प्रस्ताव पाठवतो तो ‘पर्यटनविरोधी’ ठरतो, आणि जो नवे प्रवेशद्वार उघडतो तो ‘कर्तबगार’. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरहून ताडोबा आणि पेंचकडे कोणाच्या गाड्या वळतात, हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी अधिकाऱ्याचा फोन वाजतो. ‘साहेबांचे पाहुणे आहेत, सकाळच्या फेरीला दोन जिप्स्या लागतील.’ कोटा संपला आहे, असे उत्तर देणाऱ्याचा पुढचा तालुका कोणता असेल ते फोनवरचा माणूसच ठरवत असतो.

आणि ज्याच्या पायावर हे सगळे उभे आहे, तो वनरक्षक? त्याच्या संरक्षण कुटीत डोकावून पाहा. सिमेंटची एक खोली, भोवती अस्वल येऊ नये म्हणून खणलेला चर, आत दोन लोखंडी खाटा, पाण्याचा निळा ड्रम, भिंतीला टांगलेला वायरलेस आणि एक सौर दिवा, जो पावसाळ्यात रात्री आठलाच मान टाकतो. कोपऱ्यात काठी. हा माणूस दोन रोजंदारी मजुरांना सोबत घेऊन रोज पायी आपले बीट फिरतो. पाणवठ्यात कोणी युरिया कालवला नाही ना, पायवाटेवर फासे नाहीत ना, झाडावर नवे मचाण नाही ना, हे पाहतो आणि मोबाइलच्या ॲपवर नोंदवतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या तरुण महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने स्वतःचे जीवन संपवले होते. मागे ठेवलेल्या पत्रात तिने वरिष्ठांच्या जाचाची तक्रार केली होती. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण एका वर्षात जंगलाने एक आणि यंत्रणेच्या छायेने एक अशा दोन वर्दीतल्या लेकी गेल्या, आणि आम्ही दोन दिवस हळहळून पुन्हा वाघांचे आकडे मोजायला लागलो. २०१४ साली राज्यात १९० वाघ होते, २०२२ साली ४४४ झाले. वाघ दुपटीहून अधिक वाढले. त्यांना राखणारी माणसे, त्यांच्या गाड्या, त्यांचे पशुवैद्य त्या प्रमाणात वाढले का, हे कोणी विचारले?

पैशाची कथा याहून विनोदी. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, म्हणजे जाळरेषा त्याआधी कापून, जाळून, साफ व्हायला हव्यात. सरकारी निधीचा पूर मात्र येतो मार्चअखेर! वणवा काही आर्थिक वर्ष पाहून लागत नाही. त्यातही व्याघ्र प्रकल्पांचे नशीब बरे. २००६ च्या कायदादुरुस्तीने त्यांना स्वतःचे प्रतिष्ठान मिळाले आणि गेटवरचा पैसा तिथेच वापरायची सोय झाली. पण नान्नजच्या माळावर वाघ नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरमध्ये चिंकारे आहेत. रेहेकुरीत काळवीट आहेत. तिथे रिसॉर्ट नाहीत, म्हणून गल्ला नाही, म्हणून निधी नाही, म्हणून लक्ष नाही. गवताळ माळ तर सरकारदप्तरी आजही ‘पडीक’. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेत नान्नजच्या माळावरही ग्लिरिसिडियासारखी झाडे लावून झाली, ज्या पक्ष्याला उघडा माळ हवा त्याच्याच घरात! राज्याने कोट्यवधी झाडांची उद्दिष्टे जाहीर केली, तेव्हा ‘या माळावर झाड लावणे म्हणजे माळ मारणे आहे’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या रकान्यात काय भरले जाणार? उद्दिष्ट अपूर्ण!

शेजारच्या गोव्याने तर कळसच केला. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले. वीस वर्षे उलटली तरी तिथल्या लोकांच्या हक्कांची निश्चिती पुरी झाली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. गुरे मारणाऱ्या वाघावर गोपालकाने सूड घेतला, हे उघड झाले. सूड निंद्यच. पण ज्याचे दुभते जनावर गेले त्याला आठवड्याच्या आत भरपाई हातात ठेवणारा आणि त्याच्या गोठ्यात जाऊन बसणारा अधिकारी तिथे असता तर? २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असे बजावले. सरकार काय करते? सर्वोच्च न्यायालयात धाव घेते! अधिकाऱ्याने वाघ राखायचा आणि त्याच्याच मालकाने वाघाविरुद्ध वकील द्यायचा.

मुदतीचे बोलू. कायदा या राज्यात आहे. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कालावधी द्या असे सांगितले. पण ‘प्रशासकीय कारण’ नावाचे एक भगदाड प्रत्येक नियमाला ठेवलेले असते, आणि त्यातून हवा तो माणूस हव्या त्या दिवशी बाहेर काढता येतो. तीन वर्षे पूर्ण मिळाली तरी जंगलाच्या हिशेबात ती किती? पहिल्या वर्षी अधिकारी नाले, पाणवठे आणि पाटील ओळखतो. दुसऱ्या वर्षी आराखडा करतो. तिसऱ्या वर्षी बांधाबांध करतो. वर हाच माणूस आज सागाच्या कुपात, उद्या सामाजिक वनीकरणात, परवा वन विकास महामंडळात आणि तेरवा अभयारण्यात. सागाचे घनमीटर मोजायचे शिक्षण घेऊन तो विणीच्या हंगामातला माळढोक राखायला येतो, आणि तो पक्षी, जो वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, या अधिकाऱ्याच्या शिकाऊपणाची किंमत मोजतो.

मुदत आणि मोकळीक मिळाली की काय होते, याची उदाहरणे दूर नाहीत. मारुती चितमपल्ली वनखात्याचेच अधिकारी. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या उपसंचालकपदावरून ते निवृत्त झाले. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा या नावांशी त्यांचे नाव जोडले गेले ते बदलीच्या आदेशांमुळे नव्हे. तळ्याकाठच्या कोळ्याकडून, रानातल्या पारध्याकडून, गोंडाकडून शिकायला ते वर्षानुवर्षे बसले म्हणून. मराठीला पाखरांची आणि झाडांची हजारो नावे या माणसाने दिली, ती दौऱ्याच्या भत्त्यात मिळाली नव्हती. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या पन्नाचे. २००९ साली तिथे वाघ संपले. क्षेत्र संचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांनी बाहेरून वाघ आणून पुन्हा सुरुवात केली. पेंचहून आणलेला नर वाघ नोव्हेंबर २००९ मध्ये घराच्या ओढीने निघून गेला. हत्ती, गाड्या आणि सगळी फौज घेऊन ही मंडळी महिनाभर त्याच्या मागावर राहिली आणि २५ डिसेंबरला त्याला परत घेऊन आली. एप्रिल २०१० मध्ये तिथे बछडे जन्मले. आज पन्नात वाघांची पन्नाशी उलटली आहे. मूर्तींनी सहा वर्षांच्या आसपास तिथे काम केले आणि त्याच काळात पन्नाच्या शाळकरी मुलांना, वाघाचे नाव काढले की नाक मुरडणाऱ्या शहराला जंगलात नेऊन आपल्या बाजूने वळवले. खुर्ची तीच, कायदा तोच, देश तोच. फरक मुदतीचा आणि पाठबळाचा.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो आम्हाला मान्य आहे. वनखात्याला अधिकार द्या म्हणता. या खात्याने आदिवासीवर काय कमी जुलूम केले? मोहफुलाच्या टोपलीवरून, सरपणाच्या मोळीवरून गुन्हे दाखल करणारे, कोंबडी खाऊन सोडणारे खाते हेच ना? होय, हेच. कुंपणाने शेत खाल्ल्याच्या कहाण्या गडचिरोलीपासून अक्राणीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतील. म्हणूनच आमची मागणी बिनलगामी अधिकाराची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलाचा मालक होण्याची वाट दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने त्या वाटेने जाऊन तेंदूपत्त्याचे रोख उत्पन्न स्वतःहून सोडले, कारण त्या हंगामात फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात. हे कोणत्या वनाधिकाऱ्याने शिकवले नव्हते. अशा गावासमोर अभयारण्याचा प्रमुख हुकूम घेऊन न येता हिशेब घेऊन आला पाहिजे. अधिकार वरून आणि जाब खालून, ही आमची मांडणी आहे.

तेव्हा सरकारने पुढच्या गोष्टी कराव्यात, आणि त्या करायला नवी समिती नेमू नये. समित्यांची फाईल आधीच वाघापेक्षा जड झाली आहे.

पहिली गोष्ट: अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या प्रमुखाला पाच वर्षे. त्याआधी हलवायचे तर कारण लेखी, आणि ते विधिमंडळाच्या पटलावर. ‘प्रशासकीय कारण’ हे शब्द वापरले तर तो आदेश आपोआप रद्द. दुसरी: वन्यजीवांसाठी वेगळी सेवाशाखा. ज्याला माळ, पाणथळ, वाघ, माणूस यांत आयुष्य घालवायचे आहे त्यालाच इथे आणा. बाकीच्यांना सागवान मुबारक. तिसरी: मनुष्यहानी, पीक आणि गुरांच्या भरपाईचा पैसा अभयारण्याच्या प्रमुखाकडे आगाऊ ठेवा आणि वाटायचा अधिकार त्याच्या सहीला द्या. बफरमधल्या वीज, रस्ता, पाणी, सरपणाच्या कामांत त्याच्या लेखी अभिप्रायाशिवाय एक रुपयाही खर्चू नका, आणि त्याचा अभिप्राय डावलणाऱ्या खात्याच्या प्रमुखाचे नाव जाहीर करा. चौथी: वाघाच्या गल्ल्यातला ठरावीक वाटा माळढोक, काळवीट, चिंकारा आणि पाणथळीच्या अभयारण्यांना. पाचवी: वनरक्षकांची रिकामी पदे भरा आणि पाहुण्यांसाठी अधिकाऱ्याला फोन करणाऱ्या प्रत्येकाची नोंद गेटवरच्या वहीत करा, पद आणि शिफारशीसह. ती वही माहिती अधिकारात खुली ठेवा. बघा, किती फोन येतात!

आणि हे सगळे दिल्यावर जाब विचारा, कडक विचारा. व्यवस्थापनाच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन केंद्र सरकार करतेच. त्याचे अहवाल किती आमदारांनी वाचले आहेत? ते मराठीत छापून प्रत्येक शेजारच्या ग्रामसभेत दरवर्षी वाचले गेले पाहिजेत. गवत वाढले की घटले, पाणवठे किती टिकले, किती वणवे लागले, किती माणसे मेली, किती दिवसांत भरपाई पोहोचली. पाच वर्षांत माळ उजाड झाला, तर त्या अधिकाऱ्याची बढती रोखा. तक्रार करायला त्याला तोंड राहणार नाही, कारण हातात सगळे दिलेले असेल. आज मात्र त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार सरकारने गमावला आहे.

वनमंत्र्यांनी येत्या हिवाळी अधिवेशनात उभे राहून या पाच गोष्टींवर हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यावे. ‘सकारात्मक विचार करू’ हे उत्तर महाराष्ट्राने पुरेसे ऐकले आहे; त्या विचारातच नान्नजचा माळढोक गेला. आणि हे करायची हिंमत नसेल, तर राज्यातल्या सगळ्या अभयारण्यांच्या पाट्या उतरवा, तिकिटाच्या खिडक्या तेवढ्या चालू ठेवा आणि प्रवेशद्वारावर लिहा: ‘येथे जंगल विकले जाते.’ निदान सरकार खरे बोलले, एवढे समाधान तरी जनतेला मिळेल!